दोन हिवाळे आणि काळा पडणारा मॉनिटर

पहिल्यांदा तो काळा पडला तेव्हा मी एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची पानं लावत होते. नोव्हेंबर संपत आला होता. गॅसवर दूध ठेवलेलं आठवलं, म्हणून घाईने उठले, आणि उठता उठता दिसलं की समोरचं पान नाहीसं झालंय. स्क्रीन पूर्ण काळी. मी दाराशी पोहोचेपर्यंत, दोन-तीन सेकंदांत, पान जागेवर परत आलेलं होतं. दुधाच्या गडबडीत मी ते मनावरही घेतलं नाही.

मी घरूनच डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं मांडून देण्याचं, काम करते. नागपूरच्या महाल भागात आमचं जुनं घर आहे, तळमजला, मागे थोडं अंगण. रस्त्याकडच्या खोलीत माझं टेबल. त्या दसऱ्याला मी दोन मोठ्या वस्तू घेतल्या होत्या. एक मॉनिटर, २७ इंची, २५६० × १४४० चा, कारण समोरासमोरची दोन पानं खऱ्या आकारात बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती. आणि दुसरी एक चाकांची, वरखाली होणारी खुर्ची. आधीची लाकडी खुर्ची कंबरेला सोसवेना, फिजिओथेरपिस्टने ती बदलायला सांगितलं होतं. या दोन्ही वस्तू एकाच आठवड्यात घरात आल्या. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या आठवड्यात होतं, पण मी त्यातल्या एकाच वस्तूकडे बघत राहिले.

डिसेंबरमध्ये प्रकार रोजचा झाला. दिवसातून पाच-सहा वेळा स्क्रीन जायची आणि आपली आपण यायची. काम बुडत नव्हतं, फाइल जात नव्हती. पण प्रत्येक वेळी छातीत धस्स व्हायचं. स्मरणिका छापखान्यात जायची तारीख ठरलेली, तीनशेच्या वर फोटो, आणि मॉनिटर मध्येच डोळे मिटतो. मी दर पाच मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायला लागले. रात्री झोपेतही बोटं हलायची म्हणाल तर खोटं नाही.

काय बिघडलंय ते शोधायचं तर आधी काय बिघडलेलं नाही ते काढून टाकायचं, एवढं मला जुन्या कामातून माहीत होतं. पहिला प्रश्न असा की जातंय ते कॉम्प्युटर की नुसतं चित्र? कामाच्या वेळी मी गाणी लावते. स्क्रीन काळी असताना गाणं न अडखळता चालू राहायचं. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता, पंखेही तसेच फिरत होते. दुसरा प्रश्न, मॉनिटरची वीज जातेय का? त्याच्या कडेला बारीक दिवा आहे. वीज गेली तर तो विझतो. तो विझत नव्हता.

मग टॉर्चची परीक्षा. एलसीडी पडद्यावरचं चित्र स्वतः उजेड देत नाही, मागून एलईडीच्या पट्ट्या त्याला उजेड देतात. त्या पट्ट्या किंवा त्यांना वीज पुरवणारं सर्किट गेलं तर चित्र तिथंच असतं, फक्त अंधारात असतं. तिरकी टॉर्च मारली की फिकट अक्षरं दिसतात. माझ्याकडे वेळ फक्त तीन सेकंदांचा, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च लावूनच मी टेबलाशी बसायचे. चार-पाच प्रयत्नांनंतर एकदा जमलं. काहीही दिसलं नाही. म्हणजे मागचा उजेड नव्हे, चित्रच पोहोचत नव्हतं.

कॉम्प्युटरला याची काही खबर आहे का, तेही पाहिलं. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक नोंदवही असते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरच्या चित्राचं काम सांभाळणारा प्रोग्रॅम, कोलमडून परत उभा राहिला तर तिथे ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. माझ्याकडे तशी एकही नव्हती. शेवटी मी स्क्रीन रेकॉर्ड करणारा प्रोग्रॅम दिवसभर चालू ठेवला. त्या दिवशी मॉनिटर चार वेळा काळा पडला, पण रेकॉर्डिंगमध्ये एकदाही नाही. कॉम्प्युटर आपल्या परीने अखंड चित्र पाठवत होता. हा पुरावा हाती आल्यावर मला फार हायसं वाटलं होतं, कारण आता संशय घ्यायला दोनच गोष्टी उरल्या होत्या, केबल आणि मॉनिटर.

केबल बदलली. जुनी दीड मीटरची होती. नवी तीन मीटरची घेतली, म्हणजे ती टेबलामागून नीट फिरवून नेता येईल. काही फरक पडला नाही. खरं सांगायचं तर थोडं वाढलंच, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही, कारण मी मोजत नव्हते. आज कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हेच सांगते की मोजा. "जास्त होतंय" आणि "कमी झालंय" या दोन्ही गोष्टी मनाच्या असतात, आकडा मनाचा नसतो.

आता उरला मॉनिटर. वॉरंटीत होता. सेवा केंद्रात नेऊन दिला. तोवर कपाटावरचा जुना १९ इंची मॉनिटर खाली काढला, निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलचा, आणि त्यावर काम सुरू केलं. नऊ दिवस मॉनिटर त्यांच्याकडे होता. त्या नऊ दिवसांत जुना मॉनिटर एकदाही काळा पडला नाही. सेवा केंद्राने मात्र कळवलं की आम्ही सलग चालवून पाहिला, दोष आढळत नाही. मी भांडले. माझ्यापुढे तर सिद्धच झालं होतं! जुना चांगला चालतो, नवा चालत नाही, मग दोष कुणात? मी इतकी ठाम होते की त्यांनी शेवटी तो बदलून दिला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुसरा, सीलबंद खोक्यातला मॉनिटर घरी आला.

तो तिसऱ्या दिवशी काळा पडला.

त्या संध्याकाळी मी खूप वेळ नुसती बसून राहिले. दोन नवे मॉनिटर, दोन केबल, तेच दुखणं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने मदरबोर्डचा एचडीएमआय पोर्ट, म्हणजे मॉनिटरची केबल लावायची जागा, गेला असेल असं म्हटलं, ग्राफिक्स कार्ड टाकून बघू म्हणाला. तेव्हा पैसे नव्हते. मार्च अखेरीस मी ग्राफिक्सचा ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, आणि दुखणं थांबलं. एप्रिलमध्ये एकदाही नाही. मे, जून, नाही. मी समजले, ड्रायव्हर होता. इव्हेंट व्ह्यूअर काही वेगळं सांगत होता, रेकॉर्डिंग वेगळं सांगत होतं, पण बरं वाटल्यावर माणूस जुने पुरावे उकरत नाही. त्याच व्यवसायातल्या चार जणांना मी फोन करून सांगितलं की ड्रायव्हर बदला. त्यांना चुकीचं सांगितलं याची रुखरुख मला पुढे बरेच दिवस राहिली.

मार्च अखेरीस आणखी एक गोष्ट झाली होती. होळी झाली की नागपुरात कूलर निघतात. आमच्याकडेही गच्चीच्या जिन्याखालून कूलर काढला, नव्या टाट्या लावल्या, खिडकीत बसवला, पंप लावला आणि त्या दिवसापासून माझ्या खोलीतली हवा ओलसर झाली. हे मी ड्रायव्हरशी जोडून पाहणं शक्यच नव्हतं. कोण पाहील?

पाऊस गेला, दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी पडली, आईने स्वेटर बाहेर काढले, आणि एका सकाळी स्क्रीन गेली.

या वेळी मी वही घातली. दोनशे पानी, शाळेची. तारीख, वेळ, कोणता प्रोग्रॅम उघडा होता, किती सेकंद गेलं. पहिल्या आठवड्यात २६ नोंदी झाल्या आणि त्यांतून काहीही निघेना. सकाळ-दुपार-रात्र सगळ्या वेळा, सगळे प्रोग्रॅम. मग लक्षात आलं की मी फक्त स्क्रीनची माहिती लिहितेय, घराची नाही. म्हणून आणखी एक रकाना आखला: त्या क्षणी घरात काय चाललं होतं. आता नोंदी अशा दिसायला लागल्या. बेल वाजली, कुरिअर. बेल, दूधवाला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. फोन आला, फोन दिवाणावर होता. बेल, शेजारच्या काकू. चहा.

बेल! एवढ्या वेळा बेल? आमची बेल जुनी, किर्रर्र वाजणारी. तिच्यात कॉइल असते, ती बंद होताना ठिणगी पडते, तारेत झटका जातो. जुन्या रेडिओत शेजारच्या स्विचचा खाट आवाज यायचा, तसंच हे. मला खात्री पटली. बेलची तार काढून टाकली, दारावर कडी वाजवा असं लिहून लावलं. दोन दिवसांनी कडी वाजली आणि स्क्रीन गेली.

दिवाणावर आई मेथी निवडत बसली होती. ती म्हणाली, "अगं, तू उठलीस की जाते ती. मी कालपासून पाहून राहिली आहे."

मी म्हटलं, "उठण्याचा आणि स्क्रीनचा काय संबंध, आई?"

"ते मला काय माहीत? तू बसलेली असताना नाही गेली एकदाही."

वही उघडली. बेल, चहा, फोन, कुकर. प्रत्येक नोंदीत मी खुर्चीवरून उठले होते. मागच्या वर्षीचं दूध आठवलं, आणि अंगावर काटा आला.

मग सगळी कामं बाजूला ठेवून आम्ही दोघींनी मोजलं. आईने वहीत फुल्या मारायच्या, मी उठायचं-बसायचं. नव्या खुर्चीवरून ४० वेळा उठले, १३ वेळा स्क्रीन गेली. जुन्या लाकडी खुर्चीवरून ४० वेळा उठले, एकदाही नाही. बेलची तार परत जोडली, मी हलायचं नाही असं ठरवून आईला २० वेळा बेल वाजवायला लावली. शून्य. शेजारी दारं उघडून बघायला लागले तेव्हा थांबलो. शेवटची चाचणी मला स्वतःलाच पटेना म्हणून केली: मी जुन्या खुर्चीवर मॉनिटरसमोर बसले आणि नव्या खुर्चीवर, टेबलापासून चार फुटांवर, आईला बसवून उठवलं. ती पाचव्यांदा उठली आणि माझ्यासमोर स्क्रीन काळी झाली. खुर्चीचा आणि कॉम्प्युटरचा कुठेही स्पर्श नव्हता.

माझा मावसभाऊ पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची तपासणी होते त्या प्रयोगशाळेत काम करतो. त्याला फोन केला. मला वाटलं तो हसेल. तो म्हणाला, "ताई, गॅस लिफ्टची, वरखाली होणारी खुर्ची आहे ना? खाली गालिचा आहे? आणि तू स्वेटर घालतेस?" तिन्ही खरं होतं. खुर्चीबरोबर फरशी खराब होऊ नये म्हणून मी एक नायलॉनचा गालिचा आणून खाली टाकला होता.

त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण मला हे कुणी वर्षभर आधी सांगायला हवं होतं.

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून सुटे झाले की एकावर विजेचा भार राहतो. केसांवर घासलेल्या कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा शाळेतला प्रयोग तोच. आपण खुर्चीवर बसतो तेव्हा आपले कपडे आणि खुर्चीचं कापड एकमेकांवर घासत असतात. बसलेलो असताना दोन्ही भार अगदी जवळ असतात, त्यामुळे काही होत नाही. उठलो की ते दूर होतात, भार तेवढाच राहतो पण व्होल्टेज एकदम चढतं, काही हजार व्होल्टपर्यंत. पावसाळ्यात, किंवा कूलरच्या हवेत, कापडावर ओलाव्याचा अदृश्य थर असतो, त्यातून भार आपोआप वाहून जातो. नागपूरचा हिवाळा आणि मार्च कोरडाठाक. त्यात सिंथेटिक स्वेटर. भार जायला वाट नाही.

लाकडी खुर्ची लाकडीच. पण नव्या खुर्चीत लोखंडाचे सुटे भाग आहेत: बैठकीखालची पट्टी, मधला गॅसचा नळकांडा, त्यात सरकणारा दांडा, खालची पाच पायांची चांदणी. मध्ये ग्रीस, प्लॅस्टिकच्या चकत्या, खाली नायलॉनची चाकं, त्याखाली गालिचा. म्हणजे प्रत्येक लोखंडी तुकडा जमिनीपासून आणि काही वेळा एकमेकांपासूनही तुटलेला. आपण उठलो, बैठक वर उचलली गेली, की एका तुकड्यावरून दुसऱ्यावर बारीक ठिणगी उडते. डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही. पण ती एका नॅनोसेकंदाच्या आत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, झेप घेते, आणि इतक्या झटक्यात वाहिलेली वीज रेडिओ लहरींचा एक तडाखा खोलीभर सोडते.

आणि त्या खोलीत माझी तीन मीटर लांब एचडीएमआय केबल अँटेनासारखी पसरलेली. या केबलमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं, तारांच्या तीन जोड्यांतून, आणि चौथी जोडी घड्याळाचा ठोका देते. माझ्या मॉनिटरच्या मापाला प्रत्येक जोडीतून सेकंदाला सुमारे २४० कोटी बिट धावतात. एका बिटाच्या वाट्याला अर्ध्या नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळ. त्या गर्दीत तडाखा घुसला की मॉनिटरची ठोक्याशी जुळलेली लय सुटते. लय सुटली की तो भलतंच चित्र दाखवण्याऐवजी पडदा काळा करतो, पुन्हा ठोका शोधतो, जुळवतो, आणि चित्र दाखवतो. या शोधाशोधीला दोन-तीन सेकंद लागतात. कॉम्प्युटर तिकडे पाठवतच असतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काही नाही. व्हीजीए केबलमध्ये चित्र आकड्यांत नसतं, कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये असतं. तिथे तडाखा बसला तर फार तर एखादी रेघ क्षणभर थरथरते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून माझा जुना मॉनिटर निर्दोष ठरला आणि नवा आरोपी.

मी विचारलं, मग सेवा केंद्राला का सापडलं नाही? त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. अशा वस्तूंवर प्रयोगशाळेत पिस्तुलासारख्या यंत्राने मुद्दाम हजारो व्होल्टच्या ठिणग्या सोडतात. त्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात सगळ्यात वरची पायरी स्पर्शाने ८,००० व्होल्ट आणि हवेतून १५,००० व्होल्ट अशी आहे. ठिणगी पडल्यावर वस्तू क्षणभर गडबडली पण कुणी हात न लावता स्वतःहून सावरली, तर सर्वसाधारणपणे ती उत्तीर्ण धरतात. माझा मॉनिटर दर वेळी स्वतःहून सावरतच होता. दोष आढळत नाही हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. ज्या माणसाशी मी काउंटरवर चढ्या आवाजात बोलले होते, त्याला पुढे मी फोन करून सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि खुर्चीचा प्रकार लिहून घेतला.

मावसभावाने आणखी एक सांगितलं होतं, घराचं अर्थिंग तपासून घे. आमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, त्याची मला इतकी सवय झाली होती की ते मी त्याला सांगितलंही नव्हतं, त्यानेच विचारलं. इलेक्ट्रिशियन भाऊ आले. त्यांनी मीटर लावून दाखवलं. कॅबिनेट आणि नळ यांच्यामध्ये १०४ व्होल्ट. मी घाबरले. ते म्हणाले, "ताई, तीन पिनचं सॉकेट आहे, पण तिसऱ्या भोकात तार कुठेच गेली नाही न. नावालाच आहे अर्थिंग."

हे १०० च्या आसपास व्होल्ट कुठून येतात तेही कळून घेतलं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, आणि दोघांचं मधलं टोक कॅबिनेटला जोडलेलं असतं. अर्थिंग असेल तर तिथली वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट २३० च्या निम्म्यावर तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पण आतलं काही बिघडून खरी फेज कॅबिनेटला टेकली असती तर वाचवायला काहीच नव्हतं. ज्या घरात कॉम्प्युटरला, फ्रिजला, वॉशिंग मशीनला हात लावून चुरचुरतं, त्या घराने इतर सगळं सोडून आधी हे करून घ्यावं, असं मला फार मनापासून वाटतं. आणि ते स्वतः न करता जाणत्या माणसाकडून करून घ्यावं.

मागच्या अंगणात खड्डा खणला. आठ फूट नळी, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळ्याचं तोंड. तिथून जाड तार बोर्डापर्यंत, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच. आता न्यूट्रल आणि अर्थमध्ये सव्वा व्होल्टच्या आत दाखवतं, मुंग्या गेल्या. इलेक्ट्रिशियन भाऊ जाताना ठामपणे म्हणाले, "आता नाही जाणार तुमची स्क्रीन."

आईने वही घेतली. ४० वेळा उठले, ११ वेळा गेली. १३ चे ११. मावसभावाला फोन केला तर त्याला नवल वाटलं नाही. अर्थिंग तुझ्या जिवासाठी होतं, म्हणाला. नॅनोसेकंदाच्या तडाख्याला अंगणातल्या खड्ड्यापर्यंत जायला लांब तार उपयोगी पडत नाही, तो वाटेतच केबलमध्ये शिरतो. वही नसती तर मी अर्थिंगनेच बरं झालं असं समजले असते, किंवा अर्थिंग फुकट गेलं असं. दोन्ही चूक.

मग केबल. तीन मीटरची काढली, एक मीटरची जाड, चांगल्या जाळीच्या आवरणाची घेतली. तिच्या दोन्ही टोकांना फेराइटचे काळे गोळे चिमट्यासारखे बसवले. लॅपटॉपच्या चार्जरच्या तारेवर जो फुगीर गोळा असतो तोच हा. केबलच्या बाहेरून धावणारा उच्च वारंवारतेचा झटका तो अडवतो, आतल्या चित्राला धक्का लावत नाही. हे गोळे सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळाले, फार पैसे पडले नाहीत. ४० वेळा उठले: तीन.

शेवटी गालिचा गुंडाळला, खुर्ची उघड्या फरशीवर आणली. बैठकीला आणि पाठीला आईने जुन्या सुती साडीची खोळ शिवली. कामाच्या वेळी स्वेटर काढून सुती शाल घ्यायला लागले. ४० वेळा उठले: एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, हवा सगळ्यात कोरडी असते म्हणून, पुन्हा ४०: नाही. गुडघे दुखायला लागले होते, पण आईने वहीत मारलेले ते शून्य मी किती वेळ बघत बसले.

खुर्ची टाकून का दिली नाही, असं बहीण म्हणाली. कंबर तिच्यावरच बरी राहते. आणि खुर्चीही तिच्या परीने निर्दोष आहे, मॉनिटरही. त्या दोघांच्या मध्ये कोरडी हवा होती, नायलॉन होता, लांब केबल होती. ग्राफिक्स कार्ड घ्यायचे पैसे वाचले, त्यातून अर्थिंग झालं. ज्या चार जणांना ड्रायव्हर बदला म्हणून सांगितलं होतं त्यांना पुन्हा फोन केले. त्यांतल्या एकाची स्क्रीन तर मिनिट-मिनिट काळी राहायची आणि टॉर्च मारली की अक्षरं दिसायची. त्याचं दुखणं वेगळंच निघालं, मागच्या पट्ट्यांचं. त्याला खुर्चीचं काही सांगितलं नाही.

वही चालूच ठेवली आहे. दर रविवारी खड्ड्यात बादलीभर पाणी घालते, तीही नोंद असते. उरलेला डिसेंबर कोरा गेला. १९ जानेवारीला रात्री साडेनऊला एक फुली आहे. मी बसलेलीच होते, हलले नव्हते. वही पुढे ओढून लिहायला घेतलं तेवढ्यात मागून आई "आई गं" म्हणाली. तिने अंथरूण घालताना ते गुबगुबीत सिंथेटिक ब्लँकेट झटकलं होतं आणि पलंगाच्या लोखंडी दांडीला हात लावला होता. बोटाला चटका बसला म्हणून ती हात झाडत उभी होती.

ते ब्लँकेट आता आतल्या खोलीत असतं. आईला वाकळ दिली आहे.